यादवकालीन चिमणीचं पाऊल

मंजुळाबाईंनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टींना कवडीची किंमत दिली नाही. एक मिक्सर आणि दुसरं भाषण. दोन्हींचा आवाज मोठा आणि दोन्हींतून निघालेल्या वाटणाला चव नाही, असं त्यांचं मत. हे मत त्या कुणी विचारलं नाही तरी सांगायच्या. त्यामुळे तेलगावात त्यांना सभा-समारंभाला बोलावण्याची चूक सहसा कुणी करत नसे. ती चूक शेवटी इतिहासवाल्यांनी केली.

मंजुळाबाईंचा धंदा टाकीचा. आताच्या पोरांना टाकी म्हटलं की पाण्याची आठवते, म्हणून सांगायला हवं. जातं, पाटा, वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत होतो. मग जोंधळा त्याच्यावरून घसरगुंडी खेळतो, दळला काही जात नाही. अशा वेळी छिन्नीनं सगळ्या दगडावर बारीक टोचे मारून तो पुन्हा खरखरीत करायचा, ही टाकी लावणं. डोक्यावर पाटी, पाटीत दोन छिन्न्या, एक हातोडी आणि भाकरीचं फडकं. "टाकीऽऽ, जात्याला टाकीऽ, पाट्याला टाकीऽ" अशी हाळी देत त्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं वस्त्यांवस्त्यांनी हिंडल्या. चतुर्थीच्या दिवशी लिंबागणेशला, बाकीचे दिवस तेलगावच्या आसपास. वय विचारलं तर म्हणायच्या, "भात्तरच्या दुष्काळात मी आईची पाटी उचलत व्हते. करा हिशोब, तुमी शिकलेले हाय."

दगड बघून त्यांना घर कळायचं. जातं एका बाजूला जास्त झिजलेलं असलं की त्या घरची सून रागारागानं दळते. पाट्याच्या मधोमध खळगा पडला असला की सासू खमंग खाणारी. कुणाच्या घरी काय शिजतं हे गावाला कळायच्या आधी मंजुळाबाईंना कळायचं, आणि त्यांना कळलं की गावाला कळायला वेळ लागत नसे.

हा धंदा त्यांना आईनं शिकवला. आईचं नाव सुभद्राबाई. बाई कमी बोलायची, आणि बोलली तर लेकीला "डावरे" म्हणायची, कारण मंजुळा डावखुरी होती आणि तिचे टोचे नेहमी उलट्या अंगाला झुकायचे. सुभद्राबाईची एक रीत होती. काम झालं की जात्याच्या वरच्या तळीवर, म्हणजे फिरत्या दगडावर, धान्य टाकायच्या तोंडाशेजारी, छिन्नीचे तीन घाव मारायचे. चिमणीचं पाऊल मातीत उमटावं, तसे. दुसरी कुणी टाकीवाली येऊन "हे मीच केलंय" म्हणायला नको, एवढाच त्यामागचा हेतू. सुभद्राबाईला लिहिता येत नव्हतं. तेव्हा ती तिची सही म्हणा हवं तर.

चौऱ्याऐंशी साली पावसाळ्याच्या तोंडावर सुभद्राबाई तेलगावच्या शिवेवरच्या वस्तीवर चंद्रभागाबाईंच्या जात्याला टाकी लावून आली. आली ती तापानं फणफणूनच. चौथ्या दिवशी गेली. मागं फोटो नाही, दागिना नाही, कुठल्या कागदावर अंगठा नाही. त्याच महिन्यात वस्तीवर विजेची गिरणी सुरू झाली आणि चंद्रभागाबाईंनी जातं गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. पुढं मंजुळाबाई त्या बाजूला गेल्या की चंद्रभागाबाई म्हणायच्या, "तुज्या आईच्या हातावर दुसरा हात पडू दिला न्हाई बघ मी. हाय तसं हाय." मग मंजुळाबाई वरची तळी उचलून बाजूला करायच्या, आतल्या टोच्यांवरून बोटं फिरवायच्या, चहा प्यायच्या आणि पाटी उचलून निघायच्या. आई गेल्यावर एवढंच त्यांचं माहेर होतं. ते त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आता इतिहासवाल्यांकडे वळू.

निवृत्त माणसाला एक तर नातवंडं लागतात नाहीतर मंडळ. आप्पाराव मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांची नातवंडं पुण्याला होती, म्हणून त्यांनी मंडळ काढलं. बालाघाट वैभव इतिहास मंडळ. सरकीचं एक जुनं गोदाम मिळवलं, त्याला आतून पिवळा आणि बाहेरून भगवा रंग दिला आणि दारावर 'वस्तुसंग्रहालय' अशी पाटी लावली. मग कार्यक्रमांचा असा धडाका लावला की ज्याचं नाव ते. महिन्याच्या पहिल्या रविवारी वारसा फेरी. तीत वीस माणसं पांढऱ्या टोप्या घालून गावातल्या गावात हिंडायची आणि जी वेस त्यांनी जन्मभर पाहिली होती तिच्यापुढं उभं राहून फोटो काढायची. शाळेच्या पोरांसाठी निबंध स्पर्धा, विषय दरवर्षी एकच, 'माझ्या गावाचा वैभवशाली इतिहास', आणि निबंधही दरवर्षी एकच, कारण तो आप्पारावांनीच फळ्यावर लिहून दिलेला. बायकांसाठी ओव्यांची स्पर्धा. नऊवारी भाड्यानं आणायची, नाकात दाबाची नथ आणि ओवी मोबाइलमध्ये बघून म्हणायची. जात्याजवळ जन्म गेलेल्या बायका मागं सतरंजीवर बसायच्या आणि परीक्षक म्हणून बँकेच्या मॅनेजरबाई पुढं खुर्चीत.

सगळ्यात गाजला तो उपक्रम म्हणजे 'आजीच्या वस्तू, आजच्या पिढीला'. तालुक्याच्या सुनांनी या उपक्रमाला जो प्रतिसाद दिला तो पाहून आप्पारावांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, काय ही इतिहासाची ओढ! खरं म्हणजे घरात फ्रिज आणि सोफा ठेवायला जागा हवी होती. उखळं, मुसळं, रवी, फुटके रांजण, पाळण्याच्या कड्या, सगळं टेम्पोत भरून आलं. प्रत्येकीला चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. चंद्रभागाबाई आदल्या वर्षीच वारल्या होत्या. त्यांची सून वर्षाराणी हिनं पाच वस्तू दिल्या, म्हणून तिला थेट मंडळाच्या महिला आघाडीची प्रमुख केलं. त्या पाचांतली एक वस्तू जातं होती.

आप्पारावांचा एक गुण मान्य करायला हवा. त्यांना कुठल्याही वस्तूचं वय नुसतं बघून कळायचं. फार जुनी दिसली तर यादवकालीन, जरा बरी दिसली तर शिवकालीन, लोखंडी असली तर निजामकालीन. संग्रहालयाची राखण करायला नबी नावाचा म्हातारा होता, पूर्वी त्याचं सायकलचं दुकान होतं. तिसऱ्या कपाटात 'किल्ल्याच्या दिंडीदरवाजाचे निजामकालीन कुलूप' ठेवलं होतं, ते त्या दुकानाचं. नबीनं ते आप्पारावांना एकदा सांगून पाहिलं. आप्पाराव म्हणाले, "नबी, तुझ्या दुकानाला किल्ल्याचं कुलूप होतं हे तुझं भाग्य." त्यानंतर नबीनं वस्तूंबद्दल बोलणं सोडून दिलं.

तर त्या आप्पारावांना जात्यावरचं चिमणीचं पाऊल दिसलं आणि त्यांची झोप उडाली. तीन रेघा! म्हणजे त्रिशूळ! म्हणजे राजचिन्ह! एका आठवड्यात चाळीस पानांचं पुस्तक लिहून झालं. तेलगाव इथं यादवांचं राजकोठार होतं, तिथं सैन्याचं पीठ दळलं जाई आणि प्रत्येक जात्यावर राजमुद्रा असे, असा सिद्धांत. पुरावा म्हणून सात ठिकाणी 'असावे' आणि अकरा ठिकाणी 'निर्विवाद' असे शब्द होते. जातं काचेच्या पेटीत गेलं. ते चमकावं म्हणून आतून-बाहेरून व्हार्निश मारलं. पुढं 'हात लावू नये' अशी पाटी. आणि मंडळाच्या ठरावानं ते चिन्हच मंडळाचं बोधचिन्ह झालं. बॅनरवर त्रिशूळ, पत्रांवर त्रिशूळ, सत्काराच्या शालीवर त्रिशूळ. पदाधिकाऱ्यांच्या छातीवर पितळी बिल्ला, त्याच्यावरही तेच.

हे सगळं दीड वर्ष चाललं होतं आणि मंजुळाबाईंना त्याचा पत्ता नव्हता. गुडघे गेल्यामुळे त्यांचं फिरणं थांबलं होतं. चंद्रभागाबाई गेल्यावर पुढं केव्हातरी वर्षाराणी बाजारात भेटली, तेव्हा त्यांनी जात्याचं विचारलं होतं. तिनं "हाय की मावशी, कुठं जातंय" असं सांगून वेळ मारून नेली होती.

वर्धापनदिन आला. पुण्याहून जुन्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई, रोहिणीताई, पाहुण्या म्हणून येणार होत्या. त्यांच्यासमोर राजकोठाराच्या जात्यावर प्रत्यक्ष दळण दाखवायचं, अशी वर्षाराणीची कल्पना. तालीम झाली. नऊवारीतल्या चार बायकांनी जातं ओढलं आणि घातलेला जोंधळा जसाच्या तसा, एकही दाणा न फुटता, बाहेर आला. व्हार्निशवर काय दळणार? पण मंडळात इतक्या विद्वानांत हे एकालाही कळलं नाही. जात्याला टाकी हवी, असं ठरलं, आणि आप्पाराव स्वतः मंजुळाबाईंच्या दारात आले.

"मंजुळाबाई, मंडळ आपला सत्कार करणार आहे. एका दुर्मिळ कलेच्या आपण अंतिम साक्षीदार आहात."

"अंतिम म्हंजी?"

"म्हणजे शेवटच्या."

"मी आजून मेले न्हाई, सर."

आप्पाराव हसले. अशा वेळी हसावं हे त्यांना शाळेतल्या अनुभवानं ठाऊक होतं. रिक्षा पाठवतो, म्हणाले. मंजुळाबाईंना सत्काराचं काही नव्हतं. पण चार वर्षांनी कुणी टाकी लावायला बोलावलं होतं. त्यांनी छिन्न्या फडक्यात गुंडाळल्या आणि गेल्या.

संग्रहालयाच्या दारात बॅनर होता. त्यावरचं चिन्ह बघून त्या थबकल्या. आत भिंतीवर तेच. आप्पारावांच्या छातीवर तेच. मग काचेची पेटी उघडली आणि मंजुळाबाईंनी जातं पाहिलं. तोंडाशेजारी आईच्या चिमणीची तीन बोटं. त्या जात्याजवळ खाली बसल्या. वर्षाराणी पलीकडच्या भिंतीवरचे फोटो बघायला लागली.

"हे आमच्या आईचं काम हाय, सर," मंजुळाबाई म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी सालचं. ह्ये चिमणीचं पाऊल तिची खूण हाय. वर्षाराणीला इचारा, हिच्याच सासूचं जातं."

वर्षाराणी म्हणाली, "आत्याबाई काहीबाही सांगायच्या, मावशी. मला न्हाई आठवत."

आप्पारावांनी चष्मा पुसला. "बाई, लोकस्मृतीत असं होत असतं. सामान्य माणूस आपल्या आप्तांना इतिहासात शोधतो. भावना मी समजू शकतो. पण हे जातं सातशे वर्षांचं आहे."

"सातशे?" मंजुळाबाईंचा आवाज चढला. "आवं, दळत्या जात्याची टाकी सहा महिने टिकत न्हाई. झिजती. पुन्ना लावावी लागती. सातशे वर्षं तुमच्या राजाच्या फौजंनी ह्याच्यावर पीठ दळलं आन् आतला टोचा न् टोचा ताजा ऱ्हायला? कावून? फौज उपाशी व्हती काय?"

नबी दाराशी उभा होता, तो तोंड वळवून खोकला.

"राजकोठाराचा दगड वेगळा असावा," आप्पाराव म्हणाले.

"इथलाच दगड हाय, आमच्या शिवारातला."

"पुरावा आहे का आपल्याकडे? कागद? छायाचित्र? इतिहास तोंडी चालत नाही, बाई. पुरावा द्या, मी स्वतः पुस्तक मागं घेतो." हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं, कारण त्यांनी ते दोनदा म्हटलं.

मंजुळाबाई उठल्या. टाकी लावणार नाही, म्हणाल्या. टाकी लावायची म्हणजे आधीचे टोचे मोडायचे आणि त्यांच्यावर नवे मारायचे. आईच्या हाताचं जगात जेवढं उरलं होतं ते आपल्याच हातानं पुसायचं. त्यांनी फडकं काखेत मारलं. तेव्हा आप्पाराव मागं वळून कुणाला तरी म्हणाले, "मग चौकातल्या फरशीवाल्याला बोलवा. ग्राइंडर मारून देईल दहा मिनिटांत."

ज्या वस्तूला हात लावू नये अशी पाटी, तिला ग्राइंडर! सातशे वर्षांचा ठेवा म्हणून ज्याच्यापुढं पोरांना हात जोडायला लावायचे, तो पाहुण्यांसमोर फिरावा म्हणून फरशीवाल्याच्या यंत्राखाली घालायला हा माणूस तयार होता. मंजुळाबाई दारात थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते रागाचंच होतं.

"नका बोलवू कुणाला," त्या म्हणाल्या. "मीच करते. पर दार लावून. आमच्या धंद्याची रीत हाय, टाकी लावताना कुणी बघू न्ये. नबीभाऊ तेवडे दाराशी बसत्याल."

अशी काही रीत नव्हती. उलट टाकी लावताना सगळी आळी भोवती बसून गप्पा हाणायची. पण लोकपरंपरा म्हटल्यावर आप्पारावांनी ताबडतोब वहीत टिपून घेतलं.

वर्धापनदिनाच्या आदल्या दुपारी खोलीचं दार लागलं. नबीनं पेंटरकडून थिनरची बाटली आणून दिली होती. मंजुळाबाईंनी दोन्ही तळ्यांवरचं व्हार्निश थिनरनं भिजवलं, नारळाच्या काथ्यानं घासलं, धुण्याच्या सोड्यानं धुतलं, पुन्हा घासलं. गुडघे बोंबलत होते. चार पाण्यांनंतर खालच्या तळीवर आईचे टोचे दिसायला लागले, ओळीनं, उजव्या अंगाला झुकलेले, एकासारखा एक. मंजुळाबाईंनी त्यांना छिन्नी लावली नाही. छिन्नीचा आवाज बाहेर जायला हवा म्हणून कोपऱ्यातला एक फुटका उंबरठ्याचा दगड ओढून घेतला आणि तासभर त्याच्यावर ठाकठूक केली. तो शिवकालीन होता म्हणे.

मग वरची तळी घेतली. आईचं चिमणीचं पाऊल तोंडाच्या एका बाजूला होतं. त्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला, त्यांनी आपल्या डाव्या हातानं तीन घाव मारले. तसंच पाऊल, फक्त मधलं बोट उलट्या अंगाला झुकलेलं. ताजा घाव पांढुरका दिसतो, म्हणून त्यात काजळ आणि तेल कालवून भरलं. नबीनं दार किलकिलं करून विचारलं, "आक्का, झालं का?"

"झालं," मंजुळाबाई म्हणाल्या. "पुरावा पायजे व्हता न्हवं त्यांला? दिला."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. प्रास्ताविक पन्नास मिनिटं चाललं. मंजुळाबाईंना मंचाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. पाहुण्या बाई साध्या सुती साडीत, पायात चपला, मांडीवर आप्पारावांचं पुस्तक. ही बी त्यांच्यातलीच, मंजुळाबाईंनी मनात म्हटलं, शाल पांघरली की बोलंल त्यांच्यासारखंच. जातं मंचाच्या मधोमध पाटावर होतं. दळणाआधी जात्याची पूजा करतात, तशी मंजुळाबाईंनीच सकाळी येऊन केली होती. खुंट्याला आंब्याची पानं बांधली होती, हळदकुंकू वाहिलं होतं आणि तोंडाच्या एका बाजूवर झेंडूची जाड माळ ठेवली होती.

आप्पाराव माईक घेऊन जात्याजवळ गेले. "आणि हे ते यादवकालीन राजचिन्ह! दीड वर्ष मी याचा रात्रंदिवस अभ्यास केला आहे. या रेघेचा प्रत्येक कोन मला पाठ आहे." असं म्हणून त्यांनी छडी टेकवली, ती मंजुळाबाईंनी काल मारलेल्या पावलावर. "ताई, जवळून पाहावं."

रोहिणीताई उठल्या, जात्याशी वाकल्या. पुस्तकातला फोटो उघडून शेजारी धरला. पुन्हा दगडाकडे पाहिलं. "सर, हेच ते चिन्ह का?"

"निर्विवाद."

"पण फोटोत मधली रेघ उजवीकडे झुकली आहे. इथं डावीकडे आहे." त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. ते काळं झालं होतं. त्यांनी वास घेतला. "हे तर काजळ आहे."

आप्पारावांनी छडी उचलली, पुन्हा टेकवली. काजळाबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

मंजुळाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत मधोमध आल्या आणि झेंडूची माळ उचलली. खालून आईचं पाऊल निघालं.

"ताई, ह्ये हाय फोटोतलं. माज्या आईचं. सुभद्राबाईचं. चौऱ्याऐंशी साली मारलंय. आन् सरांनी दावलं ते माजं. काल दुपारी चारच्या सुमाराला मारलं, नबीभाऊ दाराशी व्हते. मी डावरी हाय, म्हणून उलटं पडलं." मग त्या आप्पारावांकडं वळल्या. "सर, तुमी पुरावा मागितला व्हता. आता सांगा, काल चार वाजता कोन राजा आलता?"

आधी मागून, सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांतून हसू फुटलं. तिथून ते पुढं आलं आणि खुर्च्यांपर्यंत पोचलं. पहिल्या रांगेतल्या पदाधिकाऱ्यांनी आपापल्या छातीवरच्या बिल्ल्यावर हात ठेवला. आप्पाराव माईकमध्ये म्हणाले, "उपस्थितांनी शांतता राखावी. इतिहास प्रवाही असतो." त्यावर आणखी हशा झाला.

रोहिणीताई मात्र हसल्या नाहीत. त्या मंजुळाबाईंच्या शेजारी खाली बसल्या. "आणि टाकी? तीही तुम्ही काल लावलीत?"

"न्हाई ताई. मी निस्ता रंग काढला. टाकी आईचीच हाय. चाळीस वर्षं दळलंच न्हाई कुणी ह्याच्यावर, म्हणून टिकली. बघता का?"

नऊवारीतल्या चौघी ओवी मोबाइलमध्ये शोधत उभ्या होत्या. मंजुळाबाईंनी त्यांना हातानं बाजूला केलं. पदर खोचला, खुंटा डाव्या हातात धरला, मूठभर जोंधळा तोंडात सोडला आणि जातं ओढलं. घरघर सुरू झाली. कडेनं पांढरंशुभ्र, बारीक पीठ पडायला लागलं. मंजुळाबाईंनी ते चिमटीत घेतलं, बोटांत चोळलं. चाळीस वर्षांनी आईच्या हाताचं पीठ होतं ते. ओवी म्हणायची राहूनच गेली. सतरंजीवरच्या एका म्हातारीनं मग तिथूनच ओवी सुरू केली, आणि ती संपेपर्यंत मंजुळाबाई दळत राहिल्या.

मग आभारप्रदर्शन झालं. ते आधीच छापून आणलेलं असल्यामुळे त्यात यादवकालीन जात्याचे आणि त्यावरील राजचिन्हाचे शतशः आभार मानले गेले.

जाताना रोहिणीताई आप्पारावांना म्हणाल्या, पाटी बदला, सुभद्राबाईंचं नाव आणि साल घाला, असं नाव सापडलेली वस्तू फार थोड्या संग्रहालयांत असते. आप्पाराव म्हणाले, सर्वसाधारण सभेत विषय घेतो. सभा झाली. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा ठराव एकमतानं मंजूर झाला. 'सदर वस्तूची कालनिश्चिती वादग्रस्त ठरल्याने ती प्रदर्शनातून मागे घेण्यात येत आहे.' काचेच्या पेटीत आता एक उखळ आलं. ते जरा बरं दिसत होतं.

पंधरा दिवसांनी नबी मंजुळाबाईंच्या दारात आला. "आक्का, जातं गोदामाच्या मागं टाकलंय. नळाजवळ. पोरं त्याच्यावर उभं ऱ्हाऊन पाय धुतेत."

मंजुळाबाईंनी हातगाडी बघायला सांगितली आणि त्याच पावली निघाल्या. आप्पाराव टेबलाशी बसून नव्या उखळाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होते. जातं नेते म्हटल्यावर त्यांनी मानही वर केली नाही. "न्या, न्या. तसंही आता त्याला ऐतिहासिक मूल्य राहिलेलं नाही."

"राजाचं व्हतं तवर काचंत व्हतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "बाईचं निघालं तसं मोरीत गेलं. तुमचा इतिहास कळला मला, सर."

जातं घरी आलं. खाटेच्या उशाशी भिंतीला लागून ठेवलं आहे. शेजारच्या बायका बघायला येतात, त्यांची पोरं खुंटा धरून ते गरगर फिरवायला बघतात, आणि मंजुळाबाई खाटेवरून ओरडतात, "हात लावू नका रे त्याला!" ओरडल्यावर त्यांना संग्रहालयातली पाटी आठवते आणि त्या स्वतःलाही एक शिवी घालतात.

यादव गेले. पुस्तक रद्दीत गेलं. मंडळाचं बोधचिन्ह मात्र बदललं नाही, कारण बिल्ले, शाली आणि बॅनर भरपूर उरले होते आणि पुन्हा खर्च कोण करणार? त्यामुळे कार्यक्रम असला की मंजुळाबाई काठी टेकत गोदामापर्यंत जातात. आत जात नाहीत. भाषण त्यांना अजूनही सोसत नाही. रस्त्याच्या पलीकडं, नबीच्या बाकड्यावर बसून त्या समोर बघत राहतात. दारात मोठ्या बॅनरवर आई. पाहुण्यांच्या खांद्यावरच्या शालीवर आई. आप्पाराव छाती पुढं काढून पाहुण्यांना आत नेत असतात, आणि त्यांच्या कोटावर, बरोबर काळजाच्या जागी, ज्या बाईला लिहिता येत नव्हतं तिची सही चकाकत असते.

"आक्का, कावून हसून ऱ्हायले?" नबी विचारतो.

"काय न्हाई," मंजुळाबाई म्हणतात. "आईला वळखलं मी. त्यांनी न्हाई वळखलं."